चूल मधोमध, धुराडं नाही : सहाशे वर्षांपूर्वीचं एक इंग्लिश शेतघर

कौलारू

मागच्या रविवारी चिचेस्टरच्या उत्तरेला सिंगलटन गावाजवळच्या वील्ड अँड डाउनलँड म्युझियममध्ये गेलो होतो. मोकळ्या टेकडीच्या उतारावर जुनी घरं, गोठे, कोठारं, गिरणी असं पसरलेलं आहे. दक्षिण इंग्लंडात ठिकठिकाणी पाडली जाणार होती ती घरं सोडवून, सुटी करून इथे पुन्हा उभी केली आहेत. बायको-पोरं गिरणीच्या तळ्यातल्या बदकांत रमली आणि मी एकाच घरात दोन तास काढले. म्हणून हा धागा.

घराचं नाव बेलीफ. मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोन इथलं. १९६०च्या दशकात बाव बीच नावाचा तलाव बांधायला घेतला, त्याच्या क्षेत्रात हे आलं. पाणी कंपनीने घर संग्रहालयाला देऊन टाकलं, १९६८-६९ मध्ये ते खिळखिळं करून (म्हणजे नीट सुटं करून) इथे आणलं.

लांबून पाहिलं की पहिल्यांदा छप्परच दिसतं. एकच अखंड, भलंमोठं, उतरतं, भाजलेल्या कौलांचं. त्याच्याखाली घराचे तीन भाग. दोन्ही टोकांना माडी, आणि माडीचा मजला खालच्या भिंतीच्या हातभर पुढे आलेला. मधला भाग मात्र माडीविना, आणि भिंत आत गेलेली. छपराची कड सरळच आहे, त्यामुळे मध्यावर ती अधांतरी राहते, म्हणून तिला खालून कमानदार लाकडांचे आधार. एवढी खूण लक्षात ठेवली तर केंट-ससेक्समधून गाडीने जाताना अशी घरं ओळखता येतात. यांना वील्डन घर म्हणतात. वील्ड म्हणजे दोन डाउन्सच्या, खडूच्या डोंगररांगांच्या, मधला चिकणमातीचा रानाचा पट्टा. ओक उदंड, चांगला दगड कमी, त्यामुळे घर लाकडाचं.

आत शिरायला समोरासमोर दोन दारं, मध्ये आडवा बोळ. उजवी-डावी मला नीट आठवत नाही म्हणून 'वरचं टोक' आणि 'खालचं टोक' म्हणतो, तेही असंच म्हणत. खालच्या टोकाला शेजारी-शेजारी दोन कोठ्या, एक बटरी आणि एक पँट्री. बोळाच्या दुसऱ्या बाजूला हॉल. आणि हॉलमध्ये गेलं की मान आपोआप वर जाते, कारण माळाच नाही. जमिनीपासून थेट वाशांपर्यंत मोकळं. जमिनीवर जवळजवळ मध्यात पेटलेली आग. भिंतीला टेकून चूल नाही, धुराडं नाही. नुसती आग.

हॉलच्या पलीकडच्या टोकाला लांब टेबल, त्यामागे भिंतीसरशी बाक. घरधनी तिथे बसे, तोंड आगीकडे आणि दाराकडे. त्याच्या बाजूची खिडकी मोठी, उंच. खिडकीला काच नाही, लाकडाचे उभे गज आणि आतून झडपा. विंडो हा शब्दच जुन्या नॉर्स भाषेतला, 'वाऱ्याचा डोळा' अशा अर्थाचा. तो त्या हॉलमध्ये उभं राहिल्यावर पटतो. माझं जॅकेट जाडं होतं तरी पटला.

त्या बाकामागच्या दारातून वरच्या टोकाची खोली, आणि तिच्यावर माडीवर धन्याची निजायची खोली. तिला लागून भिंतीबाहेर काढलेला छोटा शौचकूप, खाली मोकळी हवा!

आता यातली मजा. हॉल आणि खालचं टोक १४०५ ते १४३०च्या दरम्यानचं, आणि वरचं टोक १५०५-१०च्या सुमाराचं. मध्ये शंभर वर्षं गेली, पण एकाच हाताने बांधल्यासारखं दिसतं. हे कळलं लाकडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून. घराची आतली मांडणी १५४०च्या आसपासची धरून सगळ्या वस्तू नव्याने घडवून ठेवल्या आहेत, त्यामुळे पेटी उघडून पाहता येते, बाकावर बसता येतं. दोरीआडून बघायचं घर नाही हे.

तर माझा मुद्दा असा की इंग्लंडमधल्या जुन्या शेतघरात शिरलं की लोक फायरप्लेसचे फोटो काढतात. ती बहुतेक घरांत नंतर आलेली पाहुणी आहे. घर मुळात कसं होतं ते वर छपराच्या पोकळीत लिहिलेलं असतं. वासे काजळीने काळे असतील तर तिथे एकेकाळी उघडी आग होती, मग खाली आज कितीही सुबक विटांची शेकोटी असो. बाकी प्रतिसादांत.

निवांत_नाना

वाचतोय. पण धुराचं काय हो? आमच्या आजोळी चुलीला धुराडं नव्हतं तेव्हा आजीचे डोळे बारा महिने लाल. हे लोक त्या धुरात जेवत कसे? आणि बर्फाच्या देशात खिडकीला काच नाही?

कौलारू

नाना, मलाही तोच प्रश्न पडला होता, म्हणून मुद्दाम बसून पाहिलं. हॉल उंच असल्याने धूर वर जाऊन डोक्यावर ढगासारखा थांबतो. त्याच्या खाली बसलेल्याला तितकासा त्रास नाही. उभं राहिलं की वास येतो, शिडीवर चढलं तर खोकला. छपराच्या दोन्ही टोकांना, उतरत्या पाख्याच्या वर, छोटे तिकोने झरोके ठेवलेले असतात, तिथून आणि कौलांच्या फटींतून धूर झिरपतो. लाकूड सुकं आणि आग लहान ठेवली तर भागतं. मात्र कोणी दार उघडं टाकलं की ढग खाली येतो. आम्ही बसलो होतो तेव्हा एका शाळेची पोरं दोन्ही दारांतून एकदम शिरली आणि आमचे डोळे तुमच्या आजीसारखे झाले.

काचेचं म्हणाल तर महाग होती. सोळाव्या शतकात मृत्युपत्रात काचेची तावदानं वेगळी लिहून ठेवलेली सापडतात, भांड्याकुंड्यांसारखी. घर विकलं, तावदानं काढून घेऊन गेलो, असा प्रकार.

अनुजा_त

बटरीमध्ये लोणी ठेवत असतील असं मी चार वर्षं लीड्सला राहून समजत होते! गाइडने सांगितलं की बट म्हणजे पिंप, बिअरचं पिंप. लोण्याचा काही संबंध नाही. पँट्री मात्र फ्रेंच पॅं म्हणजे पाव, त्यावरून. म्हणजे एक कोठी ओल्याची, एक सुक्याची.

आणि एक गंमत सुचली. आपल्या टू बीएचकेमधला एच हाच की! इंग्लंडात आता हॉल म्हणजे दाराजवळची बूट काढायची चिंचोळी जागा. घराचा राजा होता तो, त्याचा पार बोळ झाला. पुण्यात फ्लॅट घेणारा माणूस मात्र अजून "हॉल किती बाय कितीचा?" असंच विचारतो.

निवांत_नाना

हे भारी. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर टाकतो.

सुतारपक्षी

धागा उघडला आणि रात्रीचा एक वाजवला. आमचं घराणं सुतारकामातलं, मी संगणकाकडे वळलो तरी तुळई दिसली की हात लावल्याशिवाय राहवत नाही. बेलीफ मी तीनदा पाहिलंय. कौलारूंनी न लिहिलेल्या काही गोष्टी लिहितो.

पहिली, या छपराला आढं नाही. पुन्हा वाचा, आढं नाही. आपल्याकडे आधी आढं चढतं, मग त्याच्यावर वासे टेकतात. इथे दोन वासे वर एकमेकांत अर्धे कापून बसवलेले, त्यातून खुंटी मारलेली, झाली एक जोडी. दोघांच्या मध्ये एक आडवी पट्टी, इंग्रजी ए अक्षरासारखी. अशा जोड्या ओळीने उभ्या. आता या जोड्या पत्त्यांसारख्या एकीवर एक कलंडायला काय हरकत आहे? म्हणून त्या सगळ्या आडव्या पट्ट्यांच्या पोटाखालून घराच्या लांबीभर एक लाकूड जातं, आणि त्या लाकडाला पेलायला मोठ्या तुळईच्या मध्यावर एक आखूड खांब उभा. त्याला क्राउन पोस्ट म्हणतात. त्याच्या डोक्यातून चारी दिशांना बाकदार हात निघतात. हॉलच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा हाच खांब असतो, म्हणून त्यालाच कोरून नटवतात. बाकीचं छप्पर साधं.

दुसरी, लाकूड ओलं वापरत. ओक तोडला की काही महिन्यांत कामाला घेत, कारण सुकलेल्या ओकवर पटाशी चालत नाही, चालवली तर मनगट जातं. घर उभं राहिल्यावर लाकूड जागच्या जागी सुके, वळे, आवळून बसे. जुन्या घरांची जी वाकडी शोभा म्हणून कॅलेंडरवर छापतात, तिचा बराचसा भाग हा. आणि हे ओलं लाकूड वापरणं आज अभ्यासकांच्या पथ्यावर पडलं आहे. झाड तोडल्याचं वर्ष कळलं की घराचं वर्ष जवळपास कळलंच.

तिसरी माझी सगळ्यात लाडकी. कोपऱ्यातले खांब बघा, वर जाताना जाड होतात. झाड उलटं उभं केलंय! बुंध्याची बाजू वर. कारण खांबाच्या माथ्यावर तीन लाकडं एकत्र येतात, भिंतीवरचं लांब लाकूड, आडवी तुळई आणि स्वतः खांब. तिन्हींना कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि ती बसायची खोबण काढायला लाकूड जास्त पाहिजे, आणि झाडात ते बुंध्याशीच असतं. शेंडा खाली, मूळ वर.

खुंट्यांबद्दल एक. कुसवातलं भोक आणि खोबणीतलं भोक मुद्दाम जरासं चुकवून पाडत, दोरा-दोन दोरे. मग निमुळती सुकी खुंटी ठोकली की ती सांध्याला ओढून घट्ट आवळते. लोखंडाचा एक खिळा नाही.

आणि खुणा. सगळा सांगाडा आधी अंगणात जमिनीवर आडवा मांडून, एकेक सांधा त्याच्याच जोडीदाराला बेतून कापत. एका खांबाचा कुसू दुसऱ्याच्या खोबणीत बसणार नाही. मग उभारताना घोटाळा नको म्हणून पटाशीने रोमन आकडे. रोमनच का? कारण सरळ रेघा पटाशीला सोप्या, गोल आकडे कोरत कोण बसणार! चार म्हणजे चार उभ्या रेघा, उलटं-सुलटं वाचायची भानगड नाही. हे आकडे होते म्हणूनच बेलीफसारखं घर सुटं करून परत जोडणं सोपं गेलं.

आपल्याकडे घर खणांत मोजतात तसंच हे लोकही मोजत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक बे. बेलीफचा हॉल दोन खणी. "किती खणी घर आहे?" हा प्रश्न चिडिंगस्टोनच्या शेतकऱ्याला लगेच कळला असता.

परसदार

सुतारपक्षी, दंडवत. भिंतींचं पण सांगा ना. मधल्या पांढऱ्या चौकोनांत काय भरलेलं असतं, विटा?

सुतारपक्षी

विटा नाहीत हो. कूड! शब्दशः कूड. ओकच्या चिरफळ्या उभ्या, त्यात हेझलच्या ओल्या काठ्या विणायच्या आणि दोन्ही अंगांनी चिकणमाती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा काला थापायचा. वर चुना. कोकणात करवंदी-कारवीच्या काठ्या, तिथे हेझल, बाकी कृती आमच्या मावळणीची. विटा भरलेल्या दिसल्या तर बहुतेक वेळा कूड पडल्यावर नंतर भरलेल्या.

इतिहासवेडा

एक प्रश्न राहिला आहे: हे घर कुणाचं? सरदाराचं नाही, गढी नाही. शेतकऱ्याचं आहे. पंधराव्या शतकात साध्या शेतकऱ्याला ओकचं एवढं जंगल घरात घालणं कसं परवडलं?

उत्तर प्लेगमध्ये आहे. १३४८-४९च्या साथीत इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. जे उरले त्यांच्या वाट्याला जमीन जास्त आली, मजुरी वाढली, जमीनदाराला कुळं मिळेनात. दोन पिढ्यांनी यातून योमन नावाचा सुखवस्तू शेतकऱ्यांचा थर वर आला. त्यात केंटमध्ये वेठ-बिगारीचा जाच मुळातच कमी होता आणि वारसाहक्काची रीतही वेगळी. बाकी इंग्लंडात सहसा थोरल्याला सगळं, केंटमध्ये गॅव्हलकाइंड म्हणजे सगळ्या मुलग्यांना सारखी वाटणी. ही रीत कायद्याने गेली ती थेट १९२५ साली. लंडनची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, हेही आहेच. म्हणून वील्डन घरं केंटमध्ये शेकड्यांनी उभी आहेत.

दुसरं, कौलारू म्हणतात ती फायरप्लेस कधी आली? विल्यम हॅरिसन नावाचा एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री होता. त्याने १५७७ साली छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात लिहिलंय की आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या हयातीत तीन गोष्टी फार बदलल्या असं वाटतं, आणि त्यातली पहिली म्हणजे नव्याने उभी राहिलेली धुराड्यांची गर्दी. म्हातारे कुरकुरत होते, नव्या पिढीला धुराडं लागतं! १९५३ साली डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १५७० ते १६४० या काळाला ग्रामीण इंग्लंडच्या पुनर्बांधणीचा काळ म्हटलं. पुढच्या अभ्यासकांनी त्याला मुरड घातली, प्रांतोप्रांती हे वेगवेगळ्या वेळी झालं म्हणून. पण गोष्ट तीच. विटांचं धुराडं आलं, धूर एका नळीत कोंडला गेला, मग हॉल वरपर्यंत मोकळा ठेवायचं कारणच उरलं नाही. मध्ये तुळया टाकून माडी केली. आज ज्या शेतघराच्या बैठकीत डोक्याला तुळई लागते, ती बरेचदा अशी मागाहून घुसवलेली असते.

"पूर्वी माणसं बुटकी होती म्हणून दारं ठेंगणी" हे गाइड सांगतात ते म्हणूनच पटत नाही. एक मजला चिरून दोन केल्यावर उंची कुठून येणार?

त्याच संग्रहालयात पेंडीन म्हणून १६०९चं शेतघर आहे, मिडहर्स्टजवळून आणलेलं. बेलीफ बघून लगेच ते बघा. त्यात दारातून आत गेलं की नाकासमोर विटांचं जाडजूड धुराडं. त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, पाठीला पाठ लावून दोन चुली. आडवा बोळ गेला, मोकळा हॉल गेला. दोन्ही घरांत जेमतेम दोनशे वर्षांचं अंतर, आणि चालत गेलं तर काही मिनिटांचं.

मीठभाकर

आमच्या घरमालकाचं शेतघर सफोकला आहे. तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो की तुळया स्पॅनिश आरमाराच्या फुटक्या जहाजांच्या आहेत. पुरावा म्हणून रिकाम्या खोबणी दाखवतो. खरं असतं का हे?

सुतारपक्षी

हाहा. तसं असतं तर स्पेनचं आरमार मुंग्यांच्या रांगेएवढं असायला हवं. समुद्रापासून पन्नास मैलांवर बैलगाडीतून जहाज कोण आणेल, बांधाला ओक उभा असताना? रिकाम्या खोबणी खऱ्या, पण त्या आधीच्या घराच्या. लाकूड पुन्हा वापरत. किंवा तिथे पूर्वी भिंत होती, काढली, खोबण राहिली. मालकाला सांगू नका मात्र, भाडं वाढवेल.

अजून एक. तुळया डांबरासारख्या काळ्या आणि भिंती पांढऱ्याफेक, हा थाट पुष्कळ ठिकाणी व्हिक्टोरियन काळातल्या हौसेचा. दक्षिणेत ओक तसाच सोडत, उन्हा-पावसाने तो रुपेरी करडा होतो. किंवा लाकूड आणि भिंत दोन्हीवरून चुन्याचा हात मारत. बेलीफ बाहेरून बघा, करडं आहे.

डोंगरवाट

दक्षिण-पूर्व झालं, आता जरा पश्चिमेला चला. मी प्लिमथला असते. डार्टमूरच्या शेतघरांना तुमच्या केंटवाल्यांची श्रीमंती नाही, पण मला ती जास्त जवळची वाटतात. तिथे लाँगहाउस असतं. ग्रॅनाइटच्या जाड भिंती, वर गवताचं शाकारणं, आणि एकाच छपराखाली एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. दार एकच! मधल्या आडव्या बोळात शिरायचं, माणसं वरच्या बाजूला वळणार, गाई खालच्या. घर मुद्दाम उताराच्या दिशेने लांब बांधतात, गोठा उताराकडे. जमिनीच्या मध्यातून दगडी गटार काढलेलं, भिंतीतल्या भोकातून मूत-पाणी बाहेर. वास माणसांकडे येऊ नये म्हणून एवढी अक्कल.

पाउंड्सगेटजवळ हायर अपाकॉट म्हणून असं घर आहे, नॅशनल पार्कच्या ताब्यात. बहुतेक ठिकाणी नंतर गोठ्याची बैठकीची खोली झाली, इथे गोठा गोठाच राहिला आहे. मी आत गेले, गटाराकडे पाहिलं आणि मला एकदम मामाचं घर आठवलं. आमच्या मामीला रात्री अंथरुणात पडल्यापडल्या म्हशीच्या साखळीच्या आवाजावरून कळायचं, ती उठली की नुसतीच कूस बदलली.

डेव्हनच्या शाकारण्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. गवत जुनं झालं की सगळं काढत नाहीत, वरचा थर काढून त्यावर नवा घालतात. त्यामुळे काही घरांत तळाचा थर उघड्या आगीच्या काळातला, म्हणजे पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा, काजळी धरलेला तसाच आहे. त्यात त्या काळच्या गव्हाची, रायची धाटं, लोंब्या, शेतातल्या तणांच्या बिया. ही पिकं आज शेतात मिळत नाहीत. धान्याचं शास्त्र शिकणारे लोक छपरावर चढून नमुने घेतात!

कौलारू

डोंगरवाट, हे माहीत नव्हतं. काजळीने वासे राखले हे ठाऊक होतं, गहूही राखला म्हणायचा.

अनुजा_त

जमिनीचं कोणी बोललं नाही म्हणून माझी भर. ईस्ट ससेक्समध्ये ॲल्फ्रिस्टन क्लर्जी हाउस आहे, चौदाव्या शतकातलं, हेही वील्डनच, पण गवताचं छप्पर. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने घेतलेली ही पहिली इमारत, १८९६ मध्ये, दहा पौंडांना. तिथली हॉलची जमीन खडूचा चुरा चोपून केलेली आणि वरून आंबट दूध ओतून घट्ट केलेली. शेणाने सारवायची सवय असलेल्या माझ्या सासूबाईंनी खाली वाकून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दूध वाया घालवलंन् मेल्यांनी."

ओलावा

सगळे कौतुक करताहेत, मी जरा रडून घेतो. आम्ही हौसेने सतराव्या शतकातलं एक लहान शेतघर घेतलं. कुठलं ते विचारू नका. ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे संरक्षित यादीतलं. आधीच्या मालकाने कुण्या ठेकेदाराकडून बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता, वर प्लास्टिकचा रंग. दिसायला चकाचक. दुसऱ्या हिवाळ्यात आतल्या भिंतीला पायाजवळ काळी बुरशी. मी दुकानातून बुरशीचं औषध आणून मारत बसलो, दोन हिवाळे. शेवटी एक जुना गवंडी आणला. त्याने गिलाव्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, पोकळ आवाज आला, छिन्नीने ताटाएवढा तुकडा काढला. आत जोत्यावरचं ओकचं लाकूड, ज्याच्यावर सगळी भिंत उभी, ते चमच्याने निघत होतं. भिजलेल्या केकसारखं.

कारण त्यानेच समजावलं. या भिंती पाणी अडवत नाहीत, पितात आणि परत सोडतात. चुना त्यांना ते करू देतो. सिमेंटला बारीक तडा जातो, पाणी आत शिरतं आणि मागे कोंडून राहतं. विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचे लोक हेच सांगत असतात. मी घर घेण्याआधी वाचलं असतं तर!

आता सगळं सिमेंट खरवडून, कुजलेला भाग कापून तिथे नवा ओक जोडला, चुन्याचा केसाळ गिलावा (खरंच बकरीचे केस घालतात) तीन हातांत. प्रत्येक हातामध्ये दिवसच्या दिवस थांबायचं, ओलं गोणपाट लावायचं, थंडी पडली तर काम बंद. परवानगीशिवाय काहीही हलवायचं नाही, कारण संरक्षित घरात विनापरवाना बदल हा गुन्हा आहे, दंडावर भागत नाही. खर्च सांगत नाही, सौ. हा धागा वाचते.

परसदार

ओलावा, नाव अगदी शोभतंय तुम्हाला. पण आता कशी आहे भिंत?

ओलावा

सुकी आहे. या पावसाळ्यात, म्हणजे इथे बारमाही, हात लावून बघतो रोज सकाळी. बायको म्हणते नाडी बघतोस का.

इतिहासवेडा

मला एक खटकतं, ते बोलून टाकतो. बेलीफ सुंदर आहे, पण ते आता केंटमध्ये नाही, ससेक्समध्ये आहे. ती माती, ती शेतं, तो रस्ता, काही नाही. नंतरचे बदल काढून १५४०चं म्हणून सजवलेलं. हे घर म्हणायचं की घराचा पुतळा? जागेवरून हललेलं घर तेच घर राहतं का?

सुतारपक्षी

तलावाच्या तळाशी ठेवायचं होतं का मग? लाकडी घर हा सांगाडा असतो, तो हलवता येतो म्हणूनच तसा बांधतात. जुन्या काळीही हलवत.

इतिहासवेडा

तळाशी नको. पण "सहाशे वर्षं जुनं घर" ही पाटी वाचताना मन थोडं अडतं एवढंच.

जावळीकर

पहिल्यांदाच लिहितोय, नुसता वाचत असतो.

आमचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. शिवसागर म्हणतात त्यात. मी जन्मलो नव्हतो. आजोबांना जागा मिळाली ती लांब, सपाटीवर, एक झाड नाही. त्यांनी जुनं घर जाळलं-मोडलं नाही. सुतार लावून सगळं सुटं केलं. तुळया, खांब, दारं, चौकटी, गजांच्या खिडक्या, तीन-चार खेपा करून नव्या गावी नेल्या. कुडाच्या भिंती तिथेच राहिल्या, त्या काय न्यायच्या.

नव्या जागी तेच घर उभं राहिलं, पण तोंड फिरलं. जुनं पूर्वेला नदीकडे होतं, नवं रस्त्याकडे. पडवी कापून आखूड करावी लागली. आजी मरेपर्यंत रात्री उठली की मागच्या दाराला जायच्या ऐवजी माजघराच्या भिंतीवर जाऊन थडकायची. जुन्या घरात दार तिथे होतं.

म्हणून इतिहासवेडा यांचं म्हणणं मला कळतं, आणि सुतारपक्षींचंही. आम्ही त्याला कधी नवं घर म्हटलं नाही.

सुतारपक्षींनी आकडे कोरल्याचं लिहिलंय म्हणून लिहावंसं वाटलं. आमच्या तुळयांवर आजोबांनी सुतार सांगेल तसे गेरूने आकडे घातले होते. रोमन नाही, आपलेच. बाकीचे धुराने आणि रंगाने गेले. माजघराच्या तुळईवरचा सात तेवढा अजून आहे. रंगारी आला की आई आधी त्याच्यावर वर्तमानपत्र चिकटवते.

सुतारपक्षी

जावळीकर, फोटो टाका ना त्या साताचा.

जावळीकर

दिवाळीला घरी गेलो की टाकतो. उजेड कमी आहे तिथे, बॅटरी धरावी लागेल.